अमेरिकेच्या कोठडीतल्या स्थलांतरितांचे खटले कोण लढवतं?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. चर्चा झाली ती हातकड्यांची. पण हद्दपारीचा खटला चालतो तेव्हा कोठडीतल्या माणसाची बाजू तिथे मांडतं कोण?

बहुतेक वेळा कुणीच नाही.

अमेरिकेत फौजदारी गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला सरकार वकील देतं. १९६३ च्या ‘गिडियन विरुद्ध वेनराइट’ निकालापासून तो हक्कच आहे. हद्दपारीचा खटला मात्र दिवाणी मानला जातो. माणूस महिनोन् महिने गजाआड असला तरी दिवाणीच! त्यामुळे वकील करण्याची मुभा आहे, पण स्वतःच्या खर्चाने. समोर सरकारी वकील असतोच आणि इमिग्रेशन कोर्टाचे न्यायाधीशही न्याय विभागाचेच कर्मचारी असतात.

इन्ग्रिड ईगली आणि स्टीव्हन शेफर या अभ्यासकांनी २००७ ते २०१२ मधले १२ लाखांहून जास्त खटले तपासले. एकूण ३७ टक्के लोकांना वकील मिळाला होता. कोठडीत असलेल्यांमध्ये हे प्रमाण होतं फक्त १४ टक्के. ही पोकळी थोडीफार भरून काढतात त्या ना-नफा संस्था. अॅरिझोनातला ‘फ्लोरेन्स प्रोजेक्ट’ १९८९ पासून हे काम करतोय.

हे वकील नेमकं काय करतात?

आधी अशील शोधतात. अनेक डिटेन्शन सेंटर शहरांपासून लांब आहेत आणि कैद्याला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कधीही हलवलं जाऊ शकतं. एका राज्याची सनद असली तरी देशभरातल्या इमिग्रेशन कोर्टांत उभं राहता येतं, एवढीच सोय. अटकेलाच आव्हान द्यायचं तर हेबियस कॉर्पसची याचिका लागते आणि ती साधारणपणे माणूस ज्या भागात डांबलेला आहे तिथल्याच फेडरल कोर्टात करावी लागते. म्हणून विमान उडायच्या आत कागद दाखल करण्याची धावपळ चालते.

मग बॉण्ड, म्हणजे जामीन. तो मंजूर झाला तर किमान १,५०० डॉलर भरावे लागतात. काहींना कायद्याने तोही मिळत नाही. आश्रय मागायचा असेल तर मायदेशात जिवाला धोका आहे हे सिद्ध करायचं, तेही कोठडीत बसून. पुराव्याचा प्रत्येक कागद इंग्रजीत भाषांतर करून द्यावा लागतो. ग्वाटेमालाहून आलेल्या काहींना तर स्पॅनिशही नीट येत नाही, त्यांची भाषा माम किंवा किचे. आधी दुभाषा शोधा, मग केस.

सगळ्यात अवघड असतं ते निवडणं. संस्थेकडे वकील मोजकेच, रांग मोठी. जिंकता येईल अशी केस घ्यायची, की ज्याला कुणीच नाही त्याची?

न्यूयॉर्कने या पेचावर उत्तर काढलं ते पैशाने. २०१३ मध्ये सिटी कौन्सिलच्या निधीतून ‘न्यूयॉर्क इमिग्रंट फॅमिली युनिटी प्रोजेक्ट’ सुरू झाला. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कैद्याला वकील मिळतो, केस भक्कम आहे की कच्ची हे न बघता. वेरा इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये अंदाज मांडला, की वकील नसता तर यातले ४ टक्के लोक जिंकले असते, वकिलामुळे हे प्रमाण ४८ टक्क्यांवर जाईल. म्हणजे वकील मिळूनही निम्म्याहून अधिक हरतात, हेही खरं.

आपलं कुणी अडकलं तर?

आयसीई या यंत्रणेच्या ऑनलाइन लोकेटरवर नाव आणि जन्मदेश टाकून माणूस कुठे आहे ते शोधता येतं. ‘ए-नंबर’ म्हणजे इमिग्रेशन फाइलचा क्रमांक माहीत असेल तर शोध सोपा होतो. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवता येतं. मोफत काम करणाऱ्या वकिलांची आणि संस्थांची कोर्टनिहाय यादी अमेरिकेचा न्याय विभागच प्रसिद्ध करतो.