संमोहनोपचार

संमोहनोपचार म्हणजे व्यक्तीला संमोहनाच्या अवस्थेत नेऊन, नियोजित सूचनांच्या साहाय्याने वेदना, भीती, चिंता यांसारख्या तक्रारी कमी करण्याची उपचारपद्धती होय. संमोहनात व्यक्तीचे लक्ष एखाद्या विचारावर किंवा अनुभवावर केंद्रित होते, आजूबाजूच्या गोष्टींची जाणीव मंदावते आणि सूचनांना प्रतिसाद देण्याची क्षमता वाढते. ही पद्धती सहसा स्वतंत्रपणे वापरली जात नाही. औषधोपचार, शस्त्रक्रिया किंवा मानसोपचार यांना पूरक म्हणून ती वापरली जाते.

स्वरूप

उपचारक प्रथम रुग्णाची तक्रार, पूर्वेतिहास व अपेक्षा समजून घेतो. त्यानंतर संथ श्वसन, स्नायूंचे शिथिलीकरण किंवा एखाद्या दृश्याची कल्पना यांद्वारे लक्ष एकाग्र केले जाते आणि तक्रारीनुसार सूचना दिल्या जातात. शेवटी रुग्णाला नेहमीच्या अवस्थेत आणले जाते. हीच क्रिया व्यक्तीने स्वतःवर केल्यास तिला स्वसंमोहन म्हणतात.

‘हिप्नॉसिस’ ही संज्ञा निद्रा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली असली, तरी संमोहन ही झोप नव्हे. संमोहित व्यक्ती सामान्यतः ऐकू व बोलू शकते आणि न पटणारी सूचना नाकारू शकते. संमोहनक्षमता सर्वांमध्ये सारखी नसते. काही थोडे लोक तीव्र प्रतिसाद देतात, काही जवळजवळ देतच नाहीत आणि बहुसंख्य लोक या दोहोंच्या मध्ये असतात.

इतिहास

अठराव्या शतकात फ्रान्झ मेस्मर या वैद्याने ‘प्राणिज चुंबकत्वा’चा सिद्धांत मांडला. १७८४ मध्ये फ्रान्समधील राजनियुक्त आयोगाने त्याची तपासणी केली. बेंजामिन फ्रँकलिन व आंत्वान लाव्हाझिए हे या आयोगाचे सदस्य होते. असे कोणतेही चुंबकत्व आढळत नसून दिसणारे परिणाम कल्पनाशक्तीमुळे होतात, असा निष्कर्ष आयोगाने काढला. पुढे १८४० च्या दशकात स्कॉटिश शल्यविशारद जेम्स ब्रेड याने चुंबकत्वाची कल्पना बाजूला ठेवून ‘हिप्नॉटिझम’ ही संज्ञा रूढ केली.

या इतिहासात भारताला महत्त्वाचे स्थान आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यविशारद जेम्स एस्डेल याने १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे मेस्मरच्या पद्धतीने रुग्णांना गुंगीत नेऊन शस्त्रक्रिया करण्यास प्रारंभ केला. हत्तीरोगामुळे वाढलेल्या मोठ्या गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियाही त्याने केल्या. १८४६ मध्ये कोलकाता येथे या पद्धतीसाठी प्रायोगिक रुग्णालय सुरू झाले. त्याच सुमारास ईथर व क्लोरोफॉर्म ही भूल देणारी रसायने प्रचारात आली. त्यांचा परिणाम जलद व अधिक खात्रीचा असल्याने एस्डेलची पद्धत मागे पडली.

ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ मध्ये आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५८ मध्ये संमोहनाच्या वैद्यकीय उपयोगाला अनुकूल भूमिका घेतली.

वैद्यकीय उपयोग

दीर्घकालीन वेदना, शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता, भाजलेल्या रुग्णांच्या मलमपट्टीच्या वेळची वेदना आणि दंतचिकित्सेची भीती यांसाठी संमोहनाचा वापर केला जातो. पोटदुखी व शौचाच्या अनियमिततेने त्रस्त करणाऱ्या इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या विकारावर मँचेस्टर येथे झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधांनी दीर्घकाळ गुण न आलेल्या अशा रुग्णांसाठी संमोहनोपचाराचा विचार करावा, असे ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००८ मध्ये सुचवले.

वेदनेची संवेदना आणि तिच्यामुळे होणारा त्रास या दोन वेगळ्या बाबी आहेत. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वेदना कमी त्रासदायक वाटेल अशी सूचना दिल्यावर मेंदूच्या भावनांशी संबंधित भागातील क्रिया बदलल्याचे आढळले. संवेदना ग्रहण करणाऱ्या भागात मात्र तसा बदल दिसला नाही.

मर्यादा व धोके

वेदना कमी होणे म्हणजे आजार बरा होणे नव्हे. निदान होण्यापूर्वीच लक्षण दडपले गेल्यास गंभीर रोगाकडे दुर्लक्ष होऊ शकते. कर्करोग, मधुमेह किंवा संसर्गजन्य रोग संमोहनाने बरे होत नाहीत. भ्रम व भास असलेल्या मनोविकारांत संमोहनाचा वापर सामान्यतः टाळला जातो. संमोहनात ‘आठवलेल्या’ घटना विश्वासार्ह नसतात. सूचनेमुळे खोट्या स्मृती तयार होऊ शकतात. ‘पूर्वजन्मात’ नेण्याच्या दाव्यांना वैज्ञानिक आधार नाही.

भारत व महाराष्ट्र

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये संमोहनोपचाराला उपचाराचे साधन म्हणून मान्यता देताना, त्याचा वापर नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांनी किंवा योग्य प्रशिक्षित व्यक्तींनीच करावा, अशी भूमिका घेतली. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते.

महाराष्ट्रात संमोहनाचा संबंध दीर्घकाळ मोहिनीविद्या, वशीकरण व मंचावरील जादूच्या प्रयोगांशी जोडला गेला. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील श्याम मानव यांनी स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेऊन या विषयाची चमत्कारविरहित मांडणी केली. राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा संमोहनावर बंदी घालत नाही. मात्र तथाकथित चमत्काराचा प्रयोग करून लोकांना फसवणे, तसेच साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्राचा अवलंब करणे त्यानुसार गुन्हा आहे.

मराठवाड्यातील रुग्णांसाठी छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय हे प्रमुख सार्वजनिक उपचारकेंद्र आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था ‘घाटी’ या नावाने परिचित आहे. मानसिक आरोग्याविषयी दूरध्वनीवरून मार्गदर्शन मिळावे, यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली असून तिचा निःशुल्क क्रमांक १४४१६ आहे.