ओठावरची मुदत ठेव

कान टोचले तर घरात बारसे, नाक टोचले तर कौतुक. मग बिचाऱ्या ओठानेच काय घोडे मारले आहे? हल्ली एखादी मुलगी खालच्या ओठात खडा घालून पासबुक भरायला आली की रांगेतली पेन्शनर मंडळी "कलियुग!" म्हणून मोकळी होतात. कलियुगाचा काही संबंध नाही. खाते फार जुने आहे.

मेक्सिकोच्या ॲझ्टेक लोकांत हा मान सरदारांचा आणि रणशूरांचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ओठात घालायचा असा एक सोन्याचा नाग आहे. त्याची जीभ सुटी. मालक बोलू लागला की तीही वळवळायची! (आमच्या साहेबांना वेगळा नाग लागत नाही, पण ते असो.) १५१९ साली स्पॅनिश आले आणि त्यांनी असले ढीगभर सोने वितळवून नेले. पावती नाही, काही नाही.

पण खरी बँकिंगची जाण अलास्काच्या ट्लिंगिट बायकांना. मुलगी वयात आली की ओठाखाली बारीक भोक. मग वयाबरोबर लाकडी चकती मोठी होत जायची. जितकी मोठी चकती, तितका बाईचा मान. गुलाम बाईला चकती नाही. चक्क मुदत ठेव! (तिकडच्याच एस्किमो पुरुषांत तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक. जॉइंट अकाउंट.)

१७८६ साली ला पेरूझ हा फ्रेंच दर्यावर्दी तिथे उतरला. त्याला हा प्रकार किळसवाणा वाटला. त्याच्या लोकांनी आग्रह करकरून काही बायकांना चकती काढायला लावली. तेव्हा, युरोपातल्या बाईला छाती उघडी करावी लागली तर ती जशी ओशाळेल, तशा त्या ओशाळल्या. हे त्यानेच लिहून ठेवले आहे. एवढे कळूनही मत मात्र तेच! एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले आणि हळूहळू ही खाती बंद झाली.

दात मात्र हिशेब ठेवतात. दागिना घासून दातावर गुळगुळीत खूण पडते. दागिना हरवला तरी उत्खननात ती सापडते. आजचे दंतवैद्यही तेच सांगतात. हिरडी खाली सरकते, दाताचा टवका उडतो, जखम पिकते ती वेगळीच.

हे सगळे मी भाचीला ऐकवले. "मामा, टायटॅनियमचा घालणार आहे. निकेलची ॲलर्जी नको. आधी लांब दांडीचा, सूज येते म्हणून, मग आखूड."

आई इतका वेळ गप्प होती. लग्नाकार्यात नथ एका हाताने उचलून धरून जेवण्यात तिचा जन्म गेलेला.

"काय गं," तिने विचारले, "जेवताना काढावा लागतो का?"