किनारीवरचं नाव

तुळशीचं लग्न लागलं की भिवंडीत दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. थंडी पडणार का, आणि लग्नात घालायला कोट कुठून घ्यायचा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दरवर्षी तेच. थंडी येते, पंधरा-वीस दिवस पहाटे कामवारीच्या काठानं धुकं दिसतं, आणि जाते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सोपं नाही. त्यावर थोडं लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाचा.

गेल्या आठवड्यात भाचा ब्लेझर घेऊन आला. मोबाइलवरून मागवलेला. "मामा, हा बघ, सुपर १२० आहे. एकदम स्वस्तात मिळाला." मी कोट उलटा केला, आतल्या शिवणीतून दोन धागे ओढले, चिमट्यात धरून काडी लावली. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरा होते. हे धागे वितळले आणि त्यांचा टणक काळा मणी झाला. शुद्ध पॉलिएस्टर. भाच्याचा चेहरा पडला.

त्याची समजूत काढायला मी कपाटातून बाबांचा कोट काढला. बाबांचं लग्न मे १९८३ मधलं. भर उन्हाळ्यात कोट! पण आपल्याकडे कोट थंडीसाठी कधी होता? नवरदेव, वकील, टीसी आणि बँडवाले. भिवंडीत कोट घालणारे हेच. यातल्या एकालाही थंडी वाजत नसते.

त्या कोटाचं उरलेलं कापड आईनं जपून ठेवलंय. वीतभर तुकडा. त्याच्या किनारीवर सोनेरी अक्षरात मुंबईच्या एका नामांकित गिरणीचं नाव छापलेलं. बाबा हा तुकडा दाखवून हसायचे. कारण ते कापड दुकानात आलं तेव्हा त्या गिरणीच्या गेटला वर्षभराहून जास्त काळ कुलूप होतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला होता, सुमारे २.५ लाख कामगार बाहेर होते. मग कापड विणलं कोणी?

बाबा माग चालवायचे. त्यांनी बोट ठेवून दाखवलं होतं. किनारीत दोन हिरव्या तारा. "आमच्या शेडमध्ये त्या पार्टीच्या बीमला हीच खूण असायची. हे कापड इथलंच आहे. कदाचित माझ्याच मागावरचं."

मंडळी, भिवंडीचा इतिहास मला या दोन हिरव्या तारांत दिसतो. कापड आपलं, नाव दुसऱ्याचं.

आता थोडं मागे जाऊ.

१८५७ च्या उठावानंतर उत्तर प्रदेशातल्या विणकरांचे हाल सुरू झाले. विलायती गिरण्यांच्या कापडानं हातमाग आधीच मोडकळीला आणले होते, त्यात दुष्काळ आणि सरकारचा रोष. आझमगड, अलाहाबाद, बनारस भागातली मोमीन-अन्सारी कुटुंबं आग्रा रोडनं दक्षिणेकडे निघाली. कोणी बऱ्हाणपूरला थांबलं, कोणी धुळ्याला, कोणी मालेगावला. कोणी पुढं मुंबईच्या मदनपुऱ्यात गेलं, आणि बरेच जण आपल्या भिवंडीत उतरले. पुढं तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांचं पद्मानगर वसलं. हातमागाचं गाव उभं राहिलं.

यंत्रमाग महाराष्ट्रात आधी आला तो इचलकरंजीत. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला माग बसवला. आपल्याकडे १९३० च्या दशकात विजेबरोबर यंत्रमाग आले. खान साहेब समद शेठ यांचं नाव त्यात आजही आदरानं घेतलं जातं. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथं यायचे, दुरुस्त व्हायचे आणि पुन्हा खडखडायला लागायचे.

त्याच काळात खाडीपलीकडे ठाण्यात लोकरीची गिरणी होती. १९२५ मध्ये तिला 'रेमंड' हे नाव मिळालं, १९४४ मध्ये ती सिंघानियांकडे आली. सुरुवातीला घोंगड्या-ब्लँकेटं आणि जाडंभरडं लोकरी कापड, पुढं सुटाचं उंची कापड. कशेळीच्या पुलाच्या एका बाजूला देशभर नाव असलेलं कापड, दुसऱ्या बाजूला लाखो मीटर बिननावाचं. अंतर किती? काही किलोमीटर.

आणि आपण कोट घालायला लागलो कधी? आपली बाराबंदी, आपला अंगरखा, सगळं बंदांनी बांधायचं. माणूस जाड झाला तर गाठ सैल करायची, बारीक झाला तर आवळायची. एकाच अंगरख्यात बाप आणि मुलगा दोघं मावायचे. इंग्रजी कोटाला हे चालत नाही. त्याला खांदा लागतो, छाती लागते, माप लागतं. एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या फोटोंत आपले कारकून-मास्तर खाली धोतर, वर लांब कोट आणि डोक्यावर पगडी असे उभे दिसतात. कोट नोकरीबरोबर आला.

पण त्याचा खरा अर्थ उलगडला बाबासाहेबांमुळे. ज्या समाजात कोणी काय नेसायचं, कुठंपर्यंत नेसायचं हे जात ठरवायची, तिथं अंगावर नीट बसणारा सूट घालून उभं राहणं हे राजकारणच होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितलं, की ज्यावरून जात ओळखू येते तसं लुगडं नेसणं सोडा, स्वच्छ आणि नीटनेटक्या राहा. गावोगावच्या पुतळ्यांवर तो निळा सूट आहे, तो हौसेचा नाही. म्हणून 'कोट काय, नुसता दिखावा' असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. गरीब घरातला नवरदेव भाड्याचा का होईना कोट घालतो, तेव्हा त्यामागे हाच इतिहास असतो.

आता परत १९८२.

संप लांबला. गिरणीमालकांनी भिवंडीच्या शेडमध्ये कापड विणून घेतलं आणि आपले शिक्के मारून विकलं. संपाच्या आधीही हे थोडंफार चालायचं, संपात त्याला पूर आला. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्यांचे माग भंगारात निघाले आणि त्यातले कितीतरी आपल्याकडे आले. गिरणीत आठ तासांची पाळी करणारे कामगार इथं बारा तासांच्या पाळीला उभे राहिले, मीटरवर मजुरी घेऊन. बिस्सीत जेवायचं, शेडमध्येच झोपायचं. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानं गिरणी आणि यंत्रमाग यांना एकाच तराजूत तोललं. भिवंडी वाढली. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत माणसं गेली, माग जळाले, तरी गाव परत उभं राहिलं.

पण किनारीवर नाव काही आलं नाही.

का आलं नाही? कारण इथून निघतं ते 'ग्रे'. म्हणजे कोरं, न धुतलेलं, न रंगवलेलं कापड. सूत व्यापाऱ्याचं, डिझाइन व्यापाऱ्याचं. मागवाल्याला फक्त मजुरी, तीही पिकावर. एका इंचात बाण्याचे किती धागे बसले ते पीक. जितकं पीक जास्त तितकं कापड घट्ट आणि मजुरी जास्त. व्यापाऱ्याला माल स्वस्त हवा असला की पहिली कात्री पिकाला लागते. ५२ चं ४८ होतं, ४८ चं ४४. दुकानातल्या दिव्याखाली तुम्हाला फरक कळत नाही. खळ आणि फिनिशिंग सगळं झाकतं. सहा महिन्यांनी कोपरावर कापड विरतं, शिवणीपाशी धागे सरकतात, आणि आपण म्हणतो, "पॉवरलूमचा माल, दुसरं काय?" अहो, माग तोच आहे. पीक कोणी कापलं ते विचारा.

म्हणून यंदा कोट घेताना काही गोष्टी बघा. बाबांकडून आणि आमच्या टेलर मास्टरांकडून शिकलेल्या आहेत.

कापड आधी. उजेडासमोर धरा. आरपार सारखं दिसलं पाहिजे, कुठं विरळ पट्टा नको. मुठीत दहा सेकंद चुरगळा आणि सोडा. चांगली लोकर सावकाश उलगडते. पॉलिएस्टर-व्हिस्कोसला चुण्या कमी-जास्त राहतात, तेही वाईट कापड नाही, फक्त लोकरीच्या भावानं घेऊ नका. 'सुपर १००', 'सुपर १२०' हे आकडे लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचे आहेत. १०० म्हणजे १८.७५ मायक्रॉनपर्यंत, १२० म्हणजे १७.७५ पर्यंत. पॉलिएस्टरवर हा आकडा छापला असेल तर त्याला काही अर्थ नाही. आणि आकडा मोठा म्हणजे कापड टिकाऊ असंही नाही, उलट तंतू जितका बारीक तितका नाजूक. आपल्या हवेला २०० ते २५० जीएसएमचं साध्या विणीचं कापड पुरे. दिल्ली-सिमल्याला जाणार असाल तरच जाड ट्वीड, फ्लॅनेल.

मग बसणं. खांदा सगळ्यात आधी. शिवण खांद्याच्या हाडाशी संपली पाहिजे. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, खांदा दुरुस्त करायचा म्हणजे कोट उसवून परत शिवायचा. मागे कॉलर शर्टाच्या कॉलरला टेकलेली हवी, मध्ये फट नको. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या आल्या तर कोट घट्ट आहे. बाहीखाली शर्टाची कफ अर्धा इंच दिसू द्या. हात वर करा, खाली बसा, मुलाला उचलून बघा. लग्नात पुतळ्यासारखं उभं राहायचं नसतं.

मग आतलं. छातीपाशी कापडाचे थर चिमटीत धरून ओढा. मध्ये तिसरा सुटा थर जाणवला तर कॅनव्हास आहे, टिकेल. सगळं एकमेकांना चिकटलेलं असेल तर फ्युजिंग. तेही चालतं, पण हलकं असेल तर दोन-चार ड्रायक्लीननंतर छातीवर फुगे येतात. शेवटी शिवणीत माया किती सोडलीय ते बघा. रेडिमेडमध्ये ती जेमतेम असते. आमचे मास्टर दीड इंच सोडतात. "साहेब, माणूस वाढतो," म्हणतात. बाबांचा कोट मी माझ्या लग्नात घातला तो या मायेच्या जोरावर.

हे सगळं सांगायचं कारण फक्त कोट नाही.

आज मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेरकडे जाऊन बघा. जिकडे तिकडे गोदामं. भाच्याचा ब्लेझर तिथल्याच एका गोदामातून निघाला होता. आता विचार करा. भिवंडीत विणलेलं ग्रे सुरत, अहमदाबाद, पाली-बालोतराला धुवायला-रंगवायला जातं, दुसऱ्या कुठल्या शहरात कापलं-शिवलं जातं, तिसऱ्याच कंपनीचं लेबल लागतं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद होऊन परत भिवंडीत येतं. दीड-दोन हजार किलोमीटर फिरून घरी आलेलं कापड आपण ओळखतही नाही. आणि ते विणणारे माग एकेक करून भंगारवाल्याकडे चाललेत. जिथं शेड होती तिथं गोदाम उभं राहतंय. गोदामात पोरांना काम मिळतं, हे मान्य. पण खोकं उचलणाऱ्याचा हुन्नर कुठला?

सोलापूरकडे बघा. तीही विणकरांचीच नगरी, तिथंही पद्मशाली. पण 'सोलापुरी चादर' म्हटलं की देशभर कळतं, तिला भौगोलिक मानांकन मिळालंय. 'भिवंडीचं कापड' म्हटलं की लोक भाव कमी करतात. फरक हाताच्या कौशल्याचा नाही. सोलापूरनं तयार वस्तू विकली आणि तिला गावाचं नाव दिलं. आपण मजुरी विकली.

यंत्रमागाच्या बैठकांत सूतदर, वीजदर, अनुदान यांवर बोलणं होतं. व्हायलाच हवं, त्यावर हजारो चुली अवलंबून आहेत. पण अनुदानानं माग चालेल, नाव होणार नाही. नावासाठी इथंच रंगाई-फिनिशिंग हवं, तेही नदी न नासवता. कापड तपासून पीक आणि धागा छापून देणारी सोय हवी. आणि किनारीवर एक शब्द हवा: भिवंडी. मत मागायला येणाऱ्यांना या वेळी हा प्रश्न विचारा. मीही विचारणार आहे.

भाच्यानं ब्लेझर परत केला. रविवारी आम्ही दोघं मंडईत जाऊन कापड घेतलं, मास्टरांकडे माप दिलं. निघताना त्यानं स्वतःहून ठाण उलटून किनार बघितली. नाव कुठल्यातरी परक्या ब्रँडचं होतं. खाली दोन तारा होत्या, या वेळी पिवळ्या.

"मामा, ही कोणाच्या शेडची?"

मला सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कोणाला ओळखू येत असेल तर लिहा. आणि घरात जुन्या कोटाचं, सुटाचं उरलेलं कापड असेल तर एकदा किनार नक्की बघा.