विजयदुर्गचे हेलियम : एका शोधकथेची उलटतपासणी

हेलियम हे मूलद्रव्य विजयदुर्गच्या किल्ल्यावर सापडले, असे कोकणात अभिमानाने सांगितले जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथून सूर्य न्याहाळला, अशी ही कथा. पुरावा म्हणून किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. विजयदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता, म्हणजे हा अभिमान साऱ्या जुन्या रत्नागिरीचा.

ग्रहणाच्या कथा तपासून घेण्याचे आपल्याला विशेष कारण आहे. राहूने सूर्य गिळला, ही कथा ज्ञान म्हणून सांगितली गेली आणि तिच्यापायी ‘दे दान, सुटे गिराण’ असा पुकारा करीत महार-मांगांना दारोदार फिरावे लागले. साक्षीदार कोण, हे त्या कथेला कोणी विचारले नाही. नव्या कथेला तरी विचारावे.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर कोठे होता? इंग्लंडात. तेव्हा तो युद्धखात्यात कारकून होता आणि आकाशनिरीक्षण हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. ग्रहणाचा पट्टा कोकणातून विजापूर, जमखंडीकडून गुंटूर, मच्छलीपट्टणकडे गेला, हे खरे. गुंटूरला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ होता. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णरेषा इतक्या ठळक दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असे त्याला वाटले आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्या पाहिल्याही. लॉकियरने स्वतंत्रपणे तेच २० ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमध्ये साधले. त्याला न किल्ला लागला, न ग्रहण. त्या प्रकाशातली एक पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांशी जुळेना. ती पृथ्वीवर अज्ञात असलेल्या द्रव्याची असावी, असे अनुमान त्यातून निघाले. अनुमानच ते. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांनी ते मानले नाही. १८९५ साली रॅम्झेने युरेनियमच्या एका खनिजातून वायू काढला आणि त्याच्या वर्णपटात तीच रेषा दिसली, तेव्हा वाद मिटला. शोध कोणाचा, कोणत्या दिवशीचा, याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही ते यामुळे.

मग ओटे? लॉकियर विजयदुर्गला खरोखर आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर हेलियम प्रयोगशाळेत येऊन तीन वर्षे झाली होती. माणूस एक, ग्रहणे दोन. लोकस्मृतीने मधली तीस वर्षे गिळली. ओट्यांवरून फार तर येथे कोणी उपकरणे मांडली, एवढेच म्हणता येईल. त्या उपकरणांतून काय सापडले, हे दगड सांगत नाहीत. तरीही १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो.

१८९८ च्याच ग्रहणात पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊरला तळ देऊन सूर्याचे निरीक्षण करीत होते. साहेबाच्या ओट्यांची वाट दाखवणाऱ्यांकडून त्यांचे नाव मात्र सहसा ऐकू येत नाही.