काडतुसाला चरबी लागलीच कशाला?

१८५७ म्हटलं की शाळेच्या पुस्तकातलं एक वाक्य सगळ्यांना आठवतं. नव्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे आणि ती दातांनी तोडावी लागतात, अशी बातमी शिपायांत पसरली. परीक्षेत तेवढं लिहिलं की मार्क मिळायचे. पण वर्गात कुणी हात वर करून असं विचारलेलं मला आठवत नाही, की मुळात काडतुसाला चरबी लावायचीच कशाला? बंदुकीची गोळी ती. तिला काय तूप लावून ताटात वाढायचंय?

याचं उत्तर शिशाच्या स्वभावात आहे. आणि ते समजून घेतलं की १८५७ ची गोष्ट थोडी वेगळी दिसायला लागते.

चुलीवर वितळणारा धातू

शिसं ३२७ अंशांना वितळतं. लोखंडाला भट्टी आणि भाता लागतो, शिशाला चांगली पेटलेली चूल पुरते. लोखंडी पळीत वितळवा, साच्यात ओता, थोड्या वेळात साचा उघडा, गोळी तयार. म्हणून कित्येक शतकं सैनिक आणि शिकारी गोळ्या स्वतःच ओतत. शिसं जड असल्यामुळे लहानशी गोळीही दूरवर जोर टिकवते. आणि ते इतकं मऊ की नखाने ओरखडा उठतो. हा मऊपणा हाच त्याचा गुण आणि हीच त्याची खोड.

इंग्रजांची जुनी ‘ब्राउन बेस’ बंदूक ठासणीची होती. नळी आतून गुळगुळीत, तोंडाचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर. गोळी मात्र साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे दीड मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली. कारण दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग काजळी आणि क्षार होऊन नळीतच राहतो. चार-सहा बार झाले की नळी आतून अरुंद होते. गोळी घट्ट असेल तर ती पुढच्या वेळी आत जाणारच नाही. सैल गोळी भराभर भरता येई, शिकलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. पण ती सैल गोळी नळीतून ठेचकाळत बाहेर पडे आणि शंभर पावलांपलीकडे नेम म्हणजे नशिबाचा भाग.

नेम हवा तर नळीला आतून मळसूत्री खाचा पाडायच्या. गोळी त्या खाचांत रुतून गरगरत बाहेर पडली की भोवऱ्यासारखी स्थिर राहते. हीच रायफल. पण खाचांत रुतायचं तर गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी वरून ठासायची म्हणजे मारामार. नेपोलियनच्या काळात इंग्रजांनी ‘बेकर’ रायफल आणली तेव्हा सुरुवातीला गोळी आत ठोकायला लाकडी हातोड्या दिल्या होत्या! शत्रू अंगावर येत असताना हातोडी शोधत बसायचं.

थोडक्यात पेच असा: भरताना गोळी सैल हवी, सुटताना घट्ट हवी.

फुगणारी गोळी

हा पेच शिशाच्या मऊपणानेच सोडवला. गोळी लांबट करायची आणि तिच्या बुडाला खळगा ठेवायचा. भरताना ती नळीपेक्षा जराशी लहान, म्हणून सहज खाली उतरते. दारू पेटली की वायूचा दाब खळग्यात शिरतो, मऊ शिसं बाहेरच्या बाजूला फुगतं आणि खाचांत रुततं.

या कल्पनेचं श्रेय फ्रान्सच्या क्लोद-एतिएन मिनिए याला जातं. त्याची गोळी १८४९ ची. इंग्रजांनी तिच्या हक्कापोटी त्याला २०,००० पौंड मोजले. पण त्याच्या बऱ्याच आधी जॉन नॉर्टन नावाच्या इंग्रज कॅप्टनने पोकळ बुडाची गोळी करून पाहिली होती. असं सांगतात, की दक्षिण भारतात त्याने लोकांना फुंकनळीतून बाण उडवताना पाहिलं. बाणाच्या बुडाला मऊ भेंड होतं, ते फुंकरीने फुगून नळीत घट्ट बसायचं. त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. इंग्रज सरकारने तेव्हा ती बाजूला सारली.

या युक्तीची एक अट होती. शिसं अगदी मऊ हवं. त्यात कथील किंवा अँटिमनी मिसळून ते कडक केलं तर दाबाने ते नीट फुगणार नाही. आणि मऊ शिशाची खोड अशी, की ते वेगाने घासत गेलं तर नळीला चिकटतं. खाचा शिशाने भरल्या की रायफल पुन्हा साधी नळी होते. वर दारूची काजळी आहेच. उपाय एकच, वंगण.

१८५२ ची निवड

आता १८५२ सालच्या लंडनमध्ये या. फौजेसाठी बंदूक आणि काडतूस निवडायचं आहे. निवड करणारे लॉर्ड हार्डिंग, हेच आधी हिंदुस्थानचे गव्हर्नर-जनरल होते. आदल्या वर्षी घेतलेल्या मिनिए रायफलची गोळी ४४ ग्रॅमची, म्हणजे साठ काडतुसं पाठीवर घेऊन चालणं जिवावर यायचं. हार्डिंग यांनी नामवंत बंदूककारांकडून नमुने मागवले आणि चाचण्या घेतल्या. त्यातून ठरली ‘एन्फिल्ड १८५३’.

व्यास ०.५७७ इंच, तीन खाचा, गोळी ३४ ग्रॅमची. साठ काडतुसांमागे शिशाचंच वजन सहाशे ग्रॅमने कमी झालं. गोळीचा व्यास ०.५६८ इंच. म्हणजे ब्राउन बेसची दीड मिलिमीटरची फट आता पाव मिलिमीटरहून कमी झाली होती. तीही गोळीभोवतीच्या कागदाने जवळजवळ भरून निघे. नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा तिच्या माश्यावर होत्या.

फट इतकी लहान झाल्यावर वंगणावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून गोळीवरचा कागद चरबी आणि मेणाच्या मिश्रणात बुडवला. त्याने गोळी सहज उतरे, काजळी मऊ राही, शिसं चिकटत नसे. रायफल, मऊ शिसं, अरुंद फट, वंगण: एक कडी घेतली की पुढची आपोआप आली. कागदावर सगळा हिशोब चोख होता.

दोन टोकं

काडतूस म्हणजे कागदाची एक सुरळी. एका टोकाला मोजून भरलेली दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. शिपायाने दारूकडचं टोक दातांनी तोडायचं, दारू नळीत ओतायची, सुरळी उलटी करून गोळीचं वंगण लावलेलं टोक नळीत घालायचं, उरलेला कागद फेकायचा आणि गजाने ठासायचं. दातांनीच का? कारण दुसऱ्या हातात बंदूक असते.

म्हणजे दात एका टोकाला, चरबी दुसऱ्या टोकाला. कारखान्यातल्या माणसाला यात वावगं काही दिसलं नसेल. पण हिंदुस्थानच्या उन्हात चरबी पाघळते, कागद ती पितो, आणि तीच बोटं दोन्ही टोकांना लागतात. शिवाय ज्याचा धर्म स्पर्शानेही बाटतो, त्याला टोकांचा हिशोब सांगून काय उपयोग?

हे कुणाला कळलं नव्हतं असं नाही. १८५३ मध्ये ही काडतुसं हवामानाच्या चाचणीसाठी इकडे आली, तेव्हा बंगाल फौजेचे कर्नल टकर यांनी डिसेंबरातच लेखी इशारा दिला होता, की वंगणात शिपायांच्या जातीधर्माला बाधक काही नाही याची खात्री होईपर्यंत ही काडतुसं फक्त गोऱ्या पलटणींना द्यावीत. पत्र दप्तरात राहिलं. पुढे कलकत्त्याला काडतुसं बनू लागली, तेव्हा ठेकेदाराची चरबी कोणत्या जनावराची आहे हे पाहण्याची तसदी कुणी घेतली नाही.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला एका खलाशाने ब्राह्मण शिपायाच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपायाने नकार दिला. खलाशी म्हणाला, थांबा, लवकरच तुम्हाला गाईडुकरांची चरबी चावायची आहे, मग जात कुठे राहील? डमडमचे शिपाई तेव्हा नवी बंदूक नुकतीच शिकत होते, काडतुसं ठासण्यापर्यंत गाडी आलीही नव्हती. पण बातमी वणव्यासारखी पसरली.

सरकारने घाईने हात मागे घेतला. जानेवारी संपायच्या आत हुकूम निघाला, की काडतुसं कोरी द्या, शिपायांनी बाजारातून तेल, तूप, मेण आणून स्वतः वंगण लावावं. पाठोपाठ दातांऐवजी बोटांनी तोडण्याची कवायतही आली. पण आता संशय कागदावर गेला: हा इतका चकाकतो कशाने? आणि सवलत दिली याचाच अर्थ आधी काहीतरी काळंबेरं होतं. फेब्रुवारीत बऱ्हामपूरच्या १९ व्या पलटणीने नाकारली ती जुन्या बंदुकीची काडतुसं होती. २४ एप्रिलला मेरठला ९० पैकी ८५ घोडेस्वारांनी नाकारली तीही जुन्याच धाटणीची. त्यांना बेड्या घालून तुरुंगात पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी, १० मे रोजी, भडका उडाला.

उठाव केवळ काडतुसांमुळे झाला नाही. अवध खालसा झालं होतं, समुद्रापार जाण्याची सक्ती करणारा भरतीचा कायदा आदल्या वर्षीच आला होता. पण लोकांच्या तोंडी राहिली ती काडतुसंच. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही महूजवळ भेटलेल्या शिपायांच्या तोंडून काडतुसांची हकिकत येते. गरीब भिक्षुकाच्या कानापर्यंत ती वाटेतच पोचली होती.

पुन्हा डमडम

उठाव चिरडल्यावर हिशोब पुन्हा मांडला गेला. गोळीचा व्यास ०.५५ इंचांवर आणला, वंगणात मेण वाढलं. आणि हिंदी शिपायांसाठी एन्फिल्डसारखीच दिसणारी पण आतून खाचा नसलेली बंदूक काढली. नेम लागणारी रायफल गोऱ्यांकडे, गुळगुळीत नळी आपल्याकडे. पुढची कित्येक दशकं हिंदी पलटणींच्या हाती एक पिढी जुनं हत्यार देण्याचंच धोरण राहिलं.

१८६६ मध्ये एन्फिल्डच्या नळीला मागून उघडणारं झाकण बसवून ‘स्नायडर’ झाली आणि बॉक्सर यांचं पितळी काडतूस आलं. वंगण आत गेलं, दात सुटले. जो प्रश्न दहा वर्षांपूर्वी देश पेटवून गेला, तो एका पितळी टोपणात मिटला. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे याच बदलाच्या काळातला. १८७१ च्या ‘मार्टिनी-हेन्री’त गोळी दाबाने फुगवायची गरज कमी झाली, म्हणून बारा भाग शिशात एक भाग कथील घालून ती कडक केली. वेग गेला सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. मग बिनधुराची दारू आली, वेग ६०० मीटरवर गेला, आणि तिथे उघडं शिसं टिकेना. त्याच्यावर तांबे-निकेलचं आवरण चढलं.

पण आवरणातली बारीक गोळी माणसाच्या आरपार जाते आणि तो लढत राहतो, अशी सरहद्दीवरच्या इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार होती. १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकावरचं आवरण काढून शिसं पुन्हा उघडं केलं. ती अंगात शिरून पसरायची. हे काम झालं तो कारखाना डमडमचा. १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्यांवर बंदी घातली, ब्रिटनने ती मान्य केली १९०७ मध्ये. जगभर त्या ‘डमडम गोळ्या’ म्हणूनच ओळखल्या जातात.

आजही तोच हिशोब

अमेरिकेत आजही हौशी नेमबाज घरी शिसं वितळवून गोळ्या ओततात. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.) असा माणूस रायफल निवडताना अतिवेगवान काडतूस टाळतो. १८७३ च्या ‘.४५-७०’सारखं जुनं, रुंद, संथ काडतूस घेतो, कारण उघड्या शिशाला तेच मानवतं. मग मऊ शिशाचा गोळा नळीतून ढकलून खाचांचं माप घेतो, गोळी त्याहून केसभर मोठी ठेवतो, वेग वाढवायचा तर मिश्रधातू कडक करतो. आणि शेवटी वंगण लावतो, बहुतेकदा मधमाश्यांच्या मेणाचं.

त्याच्या डबीत काय आहे हे त्याला माहीत असतं, कारण ते त्याने स्वतः निवडलेलं असतं. जानेवारी १८५७ च्या हुकुमाने शिपायाला हीच मुभा दिली होती. टकर यांचं पत्र तेव्हा तीन वर्षांचं जुनं झालं होतं.