अवरक्त तापन, उघड्यावरील बैठकींचे

उपाहारगृहे, कॉफीगृहे, मद्यगृहे इ. ठिकाणी इमारतीबाहेर मांडलेल्या बैठकींवरील माणसांना विद्युत् तापकांतून निघणाऱ्या अवरक्त (वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणाने (तरंगरूपी ऊर्जेने) ऊब देण्याची पद्धती. उघड्यावरील हवा तापविणे व्यर्थ ठरते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व वारा ती दूर नेतो. प्रारण मात्र मधल्या हवेत फारसे शोषले न जाता त्वचा, कपडे व आसने यांवर पडते आणि तेथे त्याचे उष्णतेत रूपांतर होते. या पद्धतीची उपयुक्तता व तिच्यावरील आक्षेप ही दोन्ही याच गोष्टीतून उद्‌भवली आहेत.

शास्त्रीय पूर्वपीठिका : जर्मनीत जन्मलेले इंग्रज ज्योतिर्विद विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकाने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून त्याच्या निरनिराळ्या भागांत तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तेथेही तापमान वाढते असे त्यांना आढळले. योझेफ श्टेफान यांनी १८७९ मध्ये प्रयोगांवरून आणि लूटव्हिख बोल्ट्‌समान यांनी १८८४ मध्ये सैद्धांतिक रीत्या असे दाखविले की, आदर्श प्रारकाने उत्सर्जित केलेली ऊर्जा त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते. तापमान वाढले की सर्वाधिक तीव्रतेच्या प्रारणाची तरंगलांबी कमी होते, हा नियम व्हिल्हेल्म व्हीन यांनी १८९३ मध्ये मांडला. तापक किती तप्त असावा, या प्रश्नाचे उत्तर या दोन नियमांत आहे. उदा., २,५०० केल्व्हिन तापमानाचा पृष्ठभाग ७०० केल्व्हिन तापमानाच्या तशाच पृष्ठभागापेक्षा सु. १६० पट प्रारण देतो. हवेला संनयनाने मिळणारी उष्णता इतक्या झपाट्याने वाढत नसल्यामुळे अतितप्त तापकाची बहुतेक ऊर्जा प्रारणरूपाने बाहेर पडते.

तापकांचा विकास : अमेरिकेत ॲल्बर्ट मार्श यांना निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे एकस्व (पेटंट) १९०६ मध्ये मिळाले. ही तार तांबडीलाल होऊनही हवेत लवकर जळत नसल्याने विद्युत् तापक टिकाऊ झाले. पुढील टप्पा क्वॉर्ट्‌झच्या नळीत टंगस्टनाचा तंतू बसविलेल्या तापदिव्यांचा होय. तंतूपासून उडालेल्या टंगस्टनाच्या बाष्पामुळे नळी आतून काळी पडे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील एल्मर फ्रिड्रिख व एमेट वायली यांनी नळीत अल्प आयोडीन घालून हा दोष दूर केला. त्यांना १९५९ मध्ये एकस्व मिळाले. हॅलोजन दिव्याचा पाया याच कामात आहे.

प्रचलित तापकांचे तरंगलांबीनुसार तीन वर्ग पडतात. लघुतरंग तापकात टंगस्टनाचा तंतू असून त्याच्या प्रारणाची तीव्रता सु. १·२ मायक्रोमीटर तरंगलांबीस सर्वाधिक असते. तो काही क्षणांत तापतो व वाऱ्यातही उपयोगी पडतो. मात्र त्याचा तांबूस प्रकाश डोळ्यांना खुपतो. मध्यतरंग तापकांत तप्त धातूची तार किंवा कार्बनाचा तंतू असतो. दीर्घतरंग तापकाचा पृष्ठभाग मृत्तिकेचा किंवा धातूचा असतो. तो दृश्य प्रकाश देत नाही, पण सावकाश तापतो आणि त्याच्या उष्णतेचा मोठा भाग वारा नेतो. म्हणून तो आडोशाच्या जागीच योग्य ठरतो.

प्रसार : आयर्लंड (२००४), स्कॉटलंड (२००६), इंग्लंड (२००७) व फ्रान्स (२००८) येथील मद्यगृहे व उपाहारगृहे यांच्या बंदिस्त जागेत धूम्रपानास मनाई झाली. धूम्रपान करणारे ग्राहक दाराबाहेर आले व हिवाळ्यात बाहेर ऊब देणे मालकांना भाग पडले. सार्वजनिक आरोग्यासाठी केलेल्या कायद्याचा हा अनपेक्षित परिणाम होता. प्रारंभी छत्रीच्या आकाराचे, द्रवीकृत वायूवर चालणारे तापक अधिक वापरात होते. विद्युत् तापकास धूर व ज्योत नसल्याने ते छपराखाली व भिंतीवर बसविता येतात. २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीत बाहेरची बैठक अधिक सुरक्षित मानली गेल्याने त्यांची मागणी पुन्हा वाढली.

निर्बंध : अत्यल्प कार्यक्षमतेची अशी साधने बाजारातून काढून घेण्यासाठी कालमर्यादा ठरवावी, असा ठराव यूरोपीय संसदेने ३१ जानेवारी २००८ रोजी संमत केला, तो बंधनकारक नव्हता. फ्रान्समधील रेन शहराने १ जानेवारी २०२० पासून उघड्यावरील तापकांवर बंदी घातली. पुढे २२ ऑगस्ट २०२१ च्या फ्रेंच कायद्याने सार्वजनिक जागेत उघड्यावर चालणारी, ऊर्जा खर्च करणारी तापन व शीतन साधने वापरण्यास मनाई केली. ती ३१ मार्च २०२२ पासून अंमलात आली. आच्छादित व सर्व बाजूंनी बंद जागा तीतून वगळल्या आहेत.

या कायद्यात वायू व वीज असा भेद केलेला नाही. फ्रान्समधील वीज मुख्यत्वे अणुशक्तीची असून तिच्या निर्मितीत कार्बन डाय-ऑक्साइड अल्प प्रमाणात बाहेर पडतो. तरीही विद्युत् तापकांना सवलत नाही. २ किलोवॉटचा तापक ५ तास चालल्यास १० एकक (किलोवॉट-तास) वीज खर्च होते आणि बंद करताच ऊब नाहीशी होते. भिंतींनी वेढलेल्या खोलीप्रमाणे ती काही काळ साठून राहत नाही. तापक माणसाकडे अचूक वळविणे, ग्राहक उठताच तो आपोआप बंद करणे, वाऱ्यास आडोसा उभारणे व पांघरुणे देणे या उपायांनी खर्च कमी होतो. परंतु उघड्यावर ऊब पुरविणे ही गरज मानावी की चैन, हा प्रश्न तंत्रविद्येचा नसून समाजाने ठरवावयाचा आहे. फ्रान्सने त्याचे एक उत्तर कायद्याने दिले आहे.