छापा पडला, तू आत

डोळे मिटा आणि उंची कमी करा. अजून थोडी. दाराची मूठ नाकासमोर आली की थांबा. आजच्यापुरतं तुम्ही चार वर्षांची मुलगी आहात, तुम्हाला मिशा असल्या तरी हरकत नाही. तुम्ही कृष्णवर्णीय आहात आणि अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या पश्चिमेला असलेल्या इप्सिलांटी गावाच्या दक्षिण भागात राहता. साल १९६२. एवढ्याशा पोरीला अहोजाहो कोण करतं? तेव्हा आता थेट अगंतुगं.

तू स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आहेस. गॅसच्या ज्वाळेवर लोखंडी कंगवा तापतोय. आई तो उचलते, फुंकर मारते आणि तुझ्या कुरळ्या केसांतून फिरवते. कानाच्या पाळीला धग लागते आणि तू अंग चोरतेस. हलू नकोस, असा दम मिळतो. तापलेल्या तेलाचा, थोड्या जळक्या केसांचा आणि मागच्या तव्यावर परतणाऱ्या डुकराच्या चरबीचा वास एकत्र होऊन घरभर बसलाय. मामा कारखान्यातली रात्रपाळी संपवून दारातच बूट काढतोय, त्याच्या अंगाला ग्रीसचा वास. पलीकडच्या घरात रेडिओ मोठ्याने लागलाय आणि कुणीतरी त्याच्याहून मोठ्याने भांडतंय.

काही दिवसांपूर्वी एक अनोळखी मोठं माणूस तुझ्याशी खेळलं होतं. मणी ओव, ठोकळ्यांचा पूल कर, या चित्रात काय आहे ते सांग. तुला मजा आली. तो खेळ म्हणजे बुद्ध्यांकाची चाचणी होती आणि तुझा आकडा ७० ते ८५च्या मध्ये कुठेतरी निघाला, हे तुला कुणी सांगितलं नाही. त्या काळच्या शाळांत असा आकडा असलेल्या पोराची जागा ठरलेली असे: मागचा बाक, नाहीतर ‘मंद’ मुलांचा वेगळा वर्ग.

गावच्या शाळांत खास मुलांचा विभाग सांभाळणारे डेव्हिड वाइकार्ट यांना ही ठरलेली जागा खुपत होती. तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकवायला घेणं त्यांना सोसणार नाही, अपायच होईल, असं तेव्हाचे जाणकार सांगत होते. वाइकार्टनी वाद घातला नाही, मोजायचं ठरवलं. गरीब घरातली १२३ कृष्णवर्णीय मुलं निवडली, त्यांचे दोन सारखे गट पाडले आणि कोणता गट बालवाडीत जाणार यासाठी नाणं उडवलं.

तुझ्या बाजूने पडलं. शेजारच्या ज्या पोराबरोबर तू रोज कुंपणाखालून मांजर ओढून काढतेस, त्याच्या बाजूने नाही. तो अंगठा चोखत ओट्यावर उभा आहे. तू निघालीस.

या पेरी नावाच्या बालवाडीत पाऊल टाकताच आधी गरम हवा तोंडावर येते. भिंतीलगतचा रेडिएटर खडखडतोय, त्यावर ओले लोकरी हातमोजे वाळत टाकलेत आणि त्यांचा ओल्या कुत्र्यासारखा वास सुटलाय. बाहेर बर्फ आहे. वीसेक पोरं एकाच वेळी बूट काढतायत, त्यातला एक बूट कायम हरवलेला असतो. रंगांचे डबे, लाकडी ठोकळे, वाळू. एवढ्या गोंगाटाला चार बाई. तुला हे विशेष वाटत नाही, पण पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका म्हणजे त्या काळात श्रीमंतांच्या पोरांनाही सहज न मिळणारी चैन.

बाई खाली वाकून तुझ्या डोळ्यांत बघतात आणि विचारतात, “आज काय करणार आहेस?” तू गोंधळतेस. घरी कुणी हे विचारत नाही; घरी काय करायचं ते सांगतात. तू बोटाने ठोकळे दाखवतेस. “काय बांधणार?” चर्च. बांधायला घेतेस, ते कोसळतं, शेजारच्या पोरीला ढकलतेस, रडारड होते, पुन्हा बांधतेस. नंतर ज्यूस आणि बिस्किटांभोवती सगळे बसले की बाई पुन्हा विचारतात, काय केलंस ते सांग. तू सांगू लागतेस. अडखळत का होईना, अख्खी खोली तुझं ऐकते. आधी ठरवायचं, मग करायचं, मग सांगायचं. सकाळचे अडीच तास, आठवड्याचे पाच दिवस, बहुतेकांना दोन वर्षं. एवढंच.

नाही, एवढंच नाही. आठवड्यातून एकदा दुपारी बाई थेट तुझ्या घरी येतात. आई घाईघाईने खुर्चीवरचे कपडे उचलते आणि आधी जरा ताठरच असते: शाळेतलं माणूस घरी आलं म्हणजे तक्रार असणार. बाई मात्र दीड तास बसतात, पीठ हातात घेऊन तुझ्याशी खेळतात आणि आईलाही खेळायला लावतात. माझ्या मते या सगळ्या उपक्रमातली खरी हुशारी याच दुपारी होती, पण ती वेगळी काढून मोजायची सोय नव्हती.

आता भराभर वाढ. पाचव्या वर्षी तुझा बुद्ध्यांक झर्रकन वर गेलाय, सगळे खूश. आठ-दहा वर्षांची होईपर्यंत तू आणि शेजारचा पोरगा आकड्यात पुन्हा सारखेच. ज्या मापासाठी एवढा खटाटोप, तेच माप हातातून निसटलं. दुसरं कुणी असतं तर वह्या गुंडाळल्या असत्या. ही मंडळी मात्र तुझ्या मागेच लागली: पंधराव्या वर्षी, एकोणिसाव्या वर्षी. तुला चिडचिड होते.

सत्तावीस वर्षांची झालीस, आता पुन्हा तुम्ही. बाई, तुम्हाला शोधलं; प्रश्न विचारायला आलेले व्हॅन लॉगिन्स हे खेळाचे शिक्षक तुम्हाला ओळखतात. चाळिशीतही शोधलं. तोवर हयात असलेल्यांपैकी ९७ टक्के जणांना गाठलं, हा आकडा मला त्या साऱ्या निष्कर्षांपेक्षा जास्त थक्क करतो.

आणि निघालं काय? नाणं ज्यांच्या बाजूने पडलं त्यांतल्या ७७ टक्के जणांनी शालेय शिक्षण पुरं केलं होतं, उरलेल्यांत ६० टक्क्यांनी. मुलींत तर ८८ विरुद्ध ४६. चाळिशीपर्यंत पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले इकडे ३६ टक्के, तिकडे ५५. हो, इकडेही ३६. बालवाडीने वस्ती बदलली नाही, पोलीस बदलले नाहीत, बंद होणारे कारखाने थांबवले नाहीत. तिचं कौतुक करणारे हा ३६चा आकडा पटकन गिळतात. पुढे पन्नाशीत पुन्हा भेट झाली तेव्हा तुमच्या मुलांचीही चौकशी झाली, आणि बालवाडीत गेलेल्यांची मुलं शाळेतून निलंबित न होता शिक्षण संपवण्यात पुढे निघाली.

आता हवं तर तुम्ही तुमच्या उंचीवर परत या. पण जाताना त्या ओट्यावरच्या पोराकडे एकदा बघा. त्याच्यासारखे ६५ जण दरवेळी चाचणीला बसले, मोठेपणी मुलाखती देत राहिले. ते नसते तर तुमच्या बालवाडीचा उपयोग झाला की नाही हे सांगता आलं नसतं. ज्यूस आणि बिस्किटं त्यांना एकाही सकाळी मिळाली नाहीत.